बुधवारचा नॉर्मल

रेघ उतरायला हवी होती तेवढी उतरली नाही. आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेन नेहमीसारखं कुरकुरत कागदावरून सरकत होतं, बाहेर फेब्रुवारीच्या उन्हात पर्थ शहर भाजून निघत होतं, आणि नेवेंका बाचिचच्या रक्तातून काढलेल्या पेशींची रेघ, कुणालाही भीक न घालता, निम्म्याच उतारानं खाली आली. शेजारी ग्वेंडाच्या रक्ताची रेघ होती. ती कशी धाडकन कोसळली होती, धडधाकट माणसाची कोसळावी तशी. ग्वेंडानं चष्मा कपाळावर चढवला, कागद फाडला, आणि मेरेडिन गावाहून आलेल्या त्या आजारी बाळाच्या आईबापांचे दोन कागद त्याच्यावर ठेवून तिन्ही खिडकीच्या उजेडात धरले. तीन रेघा एकीवर एक बसल्या. बाळाची आई, बाळाचा बाप आणि नेवेंका. "मशीन तापलं असेल," ग्वेंडा म्हणाली. पण हे म्हणताना तिनं नेवेंकाकडे पाहिलं नाही, आणि ग्वेंडा तर डोळ्यांत डोळे घालून शिवी देणारी बाई. नेवेंकानं कोपराच्या आतली बाजू चोळली. सकाळची सुई तिथे अजून दुखत होती.

त्या प्रयोगशाळेत नॉर्मल म्हणजे खिडकीजवळची एक खुर्ची. आजारी माणसाचं रक्त तपासायचं तर शेजारी निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि ते कुठून आणायचं तर आपल्याच दंडातून, असा रिवाज. बुधवारी सकाळी कुणीतरी खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं रबरी पट्टा आवळायचा, आणि मग त्या माणसाला चहाच्या सुट्टीत चॉकलेट-खोबऱ्याच्या केकचा मोठा तुकडा मिळायचा. आधी पाळ्या होत्या. मग ग्वेंडाच्या लक्षात आलं की नेवेंकाच्या शिरा बागेतल्या पाइपासारख्या आहेत, नवशिक्यालाही सापडतात; आणि पाळ्या कधी बंद झाल्या ते कुणाला कळलंही नाही. नेवेंकानंही कुरकुर केली नाही. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. मासेमारी करणाऱ्याची पोर, सातासमुद्रापलीकडच्या एका बेटावरून बोटीनं आलेली, शाळेत जिच्या डब्यातल्या सार्डिन माशांच्या वासावरून पोरी नाक धरायच्या, ती या शहराचा नॉर्मल झाली होती. नळीवर तिचं नाव नसायचं, फक्त 'नॉर्मल' लिहिलेलं असायचं. तिचं जे निघेल त्याला शंभर म्हणायचं आणि बाकीच्यांना त्या शंभरावर मोजायचं. प्रयोगशाळेचा प्रमुख लिंडसे प्राउस मात्र त्या खुर्चीत कधी बसला नाही. सुई दिसली की त्याला नेमका कुणाला तरी फोन करायचा असायचा.

मेरेडिनच्या बाळानं सगळा घोळ केला. पाच महिन्यांचं बाळ, वजन घेईना, न्यूमोनिया हटेना, आणि रक्तात लिम्फोसाइट औषधालाही नाहीत. या पेशी म्हणजे अंगावर येणाऱ्या रोगाशी दोन हात करणाऱ्या. त्यांच्या पोटात एक कचरा साठत असतो आणि तो उपसायला ॲडेनोसिन डीॲमिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते नसलं की या पेशी आपल्याच कचऱ्यानं विषबाधा होऊन मरतात, आणि पेशी गेल्या की मूल जातं. यंत्राच्या कागदावरची रेघ उतरते ती या एन्झाइमच्या प्रमाणात; बाळात ते शून्य निघालं. मग आईबापांत निम्मं-निम्मं निघायला हवं, कारण असं मूल दोघांकडून त्या जनुकाची एकेक खोटी प्रत घेऊन येतं. आईबापांत निघालं शंभर. लिंडसे म्हणाला, काचा नीट धुवा. काचा धुतल्या, पुन्हा शंभर. त्या बापाला तर कुणीतरी वॉर्डात हळूच विचारलंही म्हणे, की बाळ तुमचंच ना. तेव्हा ग्वेंडा वैतागून म्हणाली, "अरे, सगळे बरोबर असतील तर शंभरच चुकीचा असेल ना!" आणि तिनं नेवेंकाच्या जोडीनं स्वतःचा दंड पुढे केला. त्याचा हा कागद.

"बाळाच्या तोंडात पांढरं आलंय," ग्वेंडा आता उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. "दही लावल्यासारखं. पुसलं तरी परत येतं, नर्स सांगत होती." आणि नेवेंकाच्या हातातली पेन्सिल थांबली. दही नव्हे, ती मनात म्हणाली, बकरीच्या दुधाची साय. आई बोटाला फडकं गुंडाळून ती साय पुसायची आणि फ्रानो रडायचाही नाही, नुसता बघायचा. नेवेंका तेव्हा एवढीशी, टेबलाखाली बसलेली. तिला आईचं बोट आठवलं, फडकं आठवलं, चुलीवर उकळणाऱ्या सेजच्या पाल्याचा वास आठवला. धाकट्या भावाचं तोंड मात्र आठवेना, फक्त त्याच्या तोंडातला तो पांढरा रंग. इतकी वर्षं हाच रोग हाताळत असताना हे आपल्याला कधीच कसं सुचलं नाही? तिला स्वतःचा विलक्षण राग आला. पण घरात फ्रानोचं नावच निघत नसे. बाबांनी बंदी घातली होती, आणि बंदी घालणारा माणूस समुद्रात बुडून गेला तरी बंदी घरातच राहिली होती. नाव काढायची ती एकच व्यक्ती, लुक्रिया आत्या; तीही फक्त मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कबरस्तानातून परतताना, आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात: "बुरा सुटलेला असताना तान्ह्या फ्रानोला डोंगरावर घेऊन गेली ही बया." बुरा म्हणजे बेटावरचा उत्तरेचा वारा, हाडं फोडणारा. डॉक्टर डोंगरापलीकडे होता. आईनं बाळाला बाबांच्या लोकरीच्या स्वेटरात गुंडाळलं आणि दार लोटलं, आणि दार वाऱ्यानं भिंतीवर आपटलं. तो आवाज नेवेंकाला अजून येतो. बाळ परत आलं ते निळं होऊन, आणि आठवड्यात गेलं.

आणि तिचं रोजचं काम तरी काय होतं? उबदार कपाटातल्या चपट्या बाटल्यांमध्ये ती निरोगी लिम्फोसाइट वाढवायची, म्हणजे स्वतःच्याच, आणि त्यांना एक रोधक पाजायची. रोधक म्हणजे त्या एन्झाइमच्या तोंडात गच्च बसणारं बूच. बूच बसलं की निरोगी पेशीही त्या बाळांच्या पेशींसारखी वागायला लागते, कचरा साठतो, पेशी फुगते आणि मरते. रक्ताच्या कर्करोगात वेड्यासारख्या वाढणाऱ्या पेशींना असंच मारता येईल, ही लिंडसेची आशा. ती आशा खोटी नव्हती. मे महिन्यात कॅनबेराच्या परिषदेत तो सांगणार होता की या रोधकाचा अगदी थोडा डोस पुरतो, लोक समजतात त्याच्या निम्मा. आता ते गणित नेवेंकाला एका क्षणात उलगडलं. जेवढी तोंडं तेवढीच बुचं लागतात. निम्मा डोस पुरला, कारण एन्झाइमच निम्मं होतं. रोज सकाळी पांढरा कोट घालून, हात स्पिरिटनं पुसून ती आपल्या भावाचं मरण बाटलीत पुन्हा पुन्हा घडवत होती आणि किती पेशी मेल्या ते मोजत होती, आणि चहाच्या वेळी केक खात होती.

लिंडसे आला, त्यानं तिन्ही कागद पाहिले, खाली बसला. तो दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं. त्यानं चष्मा पुसला आणि खरोखरच मऊ आवाजात विचारलं, "तुझी तब्येत ठीक आहे ना, नेव्ह?"

"निम्म्यानं काही होत नाही मला. तुला माहीत आहे."

"हो, हो. नाही, बरं झालं वेळेवर कळलं. त्या आईबापांना ग्वेंडाच्या आकड्यावर बसवू, त्यांचा प्रश्न मिटला. आणि तुला आपण काढून टाकू."

"काढून टाकू म्हणजे?"

"म्हणजे आकड्यांतून गं. यापुढे ग्वेंडा नॉर्मल. बोभाटा करायची काही गरज नाही."

"आणि मागचं? ज्या जोडप्यांना आपण सांगितलं की तुमच्यात काही नाही, त्यांचं? आणि कॅनबेराचं काय सांगशील?"

लिंडसेनं तिन्ही कागद नीट एकावर एक रचले. मग म्हणाला, "कॅनबेराला अजून वेळ आहे."

नेवेंकाला त्याला सांगायचं होतं, माझा एक भाऊ होता. सांगितलंही. आईची आणि आत्याची तपासणी लावू दे म्हणाली. बाबा गेले, पण त्यांची बहीण आहे. लिंडसेनं सगळं ऐकलं, आणि ज्या समजूतदारपणानं तो अनुदानाच्या समितीशी बोलायचा त्याच समजूतदारपणानं म्हणाला की मुलाचा नमुना नाही, मूल जाऊन पाव शतक झालं, आता त्यातून कुणाला काय मिळणार, उगाच म्हाताऱ्या माणसांना कशाला त्रास. "ते प्रकरण राहू दे, नेव्ह." म्हणजे फ्रानोलाही काढून टाकायचं. बेटावरच्या कबरीच्या दगडावर त्याचं नाव कोरलं नव्हतंच. दगडावर जागा थोडी आणि पुढे मरायची माणसं बरीच, असं आजोबा म्हणाले होते म्हणे. तिला वाटलं, जगात काढून टाकणारी माणसं नेहमी मऊच बोलतात.

रविवारी ती फ्रीमँटलला आईकडे गेली. रेल्वे बंद केल्यापासून बस, आणि बस उन्हात तापलेली. मांड्या सीटला चिकटत होत्या, आणि ती खिडकीशी बसून मनातल्या मनात भाषण रचत होती. आईला निर्दोष ठरवायचं भाषण. इतक्या वर्षांचं ओझं मी आज उतरवणार, आई रडेल, आत्या गप्प होईल, असं सगळं तिनं रंगवून ठेवलं होतं. आपण केवढी मोठी भेट घेऊन चाललो आहोत या विचारानं तिला स्वतःचाच थोडा अभिमानही वाटत होता. दुपारचा समुद्रवारा सुटला होता. इथे या वाऱ्याला डॉक्टर म्हणतात, आला की शहर बरं होतं. आई मात्र तो आला की खिडक्या लावून घेते. कुठलाही वारा असो, तिचा विश्वास नाही. मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली आई आणि आत्या समोरासमोर बसून सार्डिन साफ करत होत्या, दोघी काळ्या कपड्यांत, दोघींचे हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकणारे. एकमेकींशी न बोलता एवढं एकत्र राहणं फक्त नणंदा-भावजयांनाच जमतं.

नेवेंकानं सांगितलं. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. मुलाला हा रोग असा येतो, एक खोट आईकडून, एक बापाकडून, दोन्ही मिळाल्या तर मूल जगत नाही. वाऱ्याचा काही संबंध नाही. चुलीपाशी ठेवलं असतं तरी तेच झालं असतं.

आत्याची सुरी थांबली. "म्हणजे माझ्या भावाच्या रक्तात खोट होती म्हणतेस?"

"दोघांच्याही, आत्या. आणि माझ्यात आहे. तुझ्यातही असेल, किंवा नसेलही."

"शिकलीस म्हणून काहीही बोलशील! बुरा सुटला होता त्या दिवशी. मी स्वतः म्हटलं, पेरिना, नेऊ नकोस. तेल चोळ, चुलीपाशी ठेव. ऐकेल तर ना!"

नेवेंकानं आईकडे पाहिलं. रडण्याची वेळ हीच होती. आई रडली नाही. तिनं हातातल्या माशाचं डोकं मोडलं, आतडं ओढून काढलं, मासा परातीत टाकला, हात ॲप्रनला पुसला, आणि लेकीकडे असं बघितलं की नेवेंकाला पुन्हा टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

"मला माफ करायला आलीस होय?"

"माफ नाही गं आई, तुझी चूकच नव्हती असं..."

"ते सांगायला तुझं मशीन कशाला लागतं? मला ठाऊक नाही? तो वाचणार नव्हता हे तुला या बुधवारी कळलं. मला तो अंगावर प्यायचा थांबला तेव्हाच कळलं होतं. तरी नेला. उद्या तसाच पुन्हा झाला तर पुन्हा नेईन. बुरात नेईन, गारांत नेईन. आईनं काय करायचं असतं? चुलीपाशी बसून बघत राहायचं?" मग ती नणंदेकडे वळली. आवाज चढला नाही, पण मांडवातल्या माश्यासुद्धा गप्प झाल्यासारखं वाटलं. "आणि लुक्रे, तुला इतकी वर्षं बोलू दिलं ते मला लाज वाटत होती म्हणून नव्हे. त्याचं नाव घेणारी तू एकटीच उरली होतीस म्हणून. शिव्या देऊन का होईना, घेत तरी होतीस."

आत्यानं सुरी खाली ठेवली. वाऱ्यानं पानं सळसळली. नेवेंकाला आपलं बसमधलं भाषण आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि त्याच क्षणी तिला आईचा केवढा तरी अभिमान वाटला. आपण हिला निर्दोष ठरवायला निघालो होतो! हिला!

"सुई मोठी असते का?" आत्यानं अचानक विचारलं.

"तुला यायची सक्ती नाही, आत्या."

"मग माझ्या भावाचं रक्त कुठून आणशील, समुद्रातून? मीच तर उरलेय." तिनं पुन्हा सुरी उचलली. "खोट निघाली तर निघाली. घाबरते की काय मी? पण तेल चोळलं असतं तर त्याला तेवढंच बरं वाटलं असतं, एवढं मी म्हणणारच."

"म्हण," आई म्हणाली. "म्हणत राहा."

बुधवारी लिंडसे आत आला तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बाही वर करून बसली होती, दुसरी शेजारच्या स्टुलावर मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन, आणि ग्वेंडा पहिलीच्या दंडावर पट्टा आवळत होती. डब्यात तळलेल्या गोड पट्ट्या होत्या, वर पिठीसाखर भुरभुरलेली. चार सुया एका ओळीत मांडल्या होत्या. लिंडसे दारातच थबकला.

"नेव्ह, आपलं बोलणं झालं होतं ना? ही माणसं आपल्या प्रयोगात नाहीत."

"आहेत. पहिल्या दिवसापासून आहेत. तुला माहीत नव्हतं इतकंच."

"तू मला अडचणीत आणते आहेस."

"हो," नेवेंका म्हणाली. तिला वाटलं होतं आपला आवाज कापेल. कापला नाही. "मागच्या सगळ्या जोडप्यांना परत बोलवायचं, मी फोन करते. कॅनबेराला तू सांग. तू सांगितलं नाहीस तर मी उभी राहून सांगेन की ते रक्त माझं होतं. मग मला काढून टाक, हवं तर नोकरीवरून."

"हा माणूस खातो की नाही काही?" आत्यानं नेवेंकाला त्यांच्या भाषेत विचारलं आणि डबा लिंडसेपुढे धरला. लिंडसेनं भांबावून एक पट्टी उचलली. साखर त्याच्या टायवर सांडली. आत्यानं ती पुढे होऊन झटकली, चांगली जोरात, शाळेतल्या पोराची झटकावी तशी.

"त्या म्हणताहेत, खा," नेवेंका म्हणाली. "आणि बस. आज नॉर्मल लागेल."

"ग्वेंडा आहे ना."

"ग्वेंडाचा दंड गेल्या बुधवारचा निळा आहे अजून," ग्वेंडानं स्वतःच सांगून टाकलं. "आणि माझ्या शिरा म्हणजे दोरे. तू ये. फोन आहे का कुणाला करायचा?"

लिंडसेचा चेहरा पडला. तो नेवेंकाकडे बघत राहिला, मग त्या दोघी म्हाताऱ्यांकडे, मग टेबलावरच्या चौथ्या सुईकडे. त्याच्या मनात काय चाललं होतं ते नेवेंकाला कळलं नाही आणि त्या घडीला कळून घ्यायचंही नव्हतं. आईचं झालं, आत्याचं झालं. आत्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, आणि मधेच डोळा उघडून आपलं रक्त किती लाल आहे ते सगळ्यांना दाखवत होती. नेवेंका बसली, उठली. मग खुर्ची रिकामी राहिली. लिंडसेनं टाय सैल केला, कोट काढला, आणि बसला. त्याचा दंड पांढरा आणि पातळ होता. पट्टा आवळताना नेवेंकाच्या बोटांखाली त्याची नाडी भराभर उडत होती.

"माझं निम्मं निघालं तर?" त्यानं भिंतीकडे बघत विचारलं.

"तर नाव लिहू. बाकी काय?"

पेशी वेगळ्या करून, धुऊन, फोडून नळ्या तयार व्हायला दुपार झाली. नळ्यांवर नेवेंकानं आज 'नॉर्मल' लिहिलं नाही. पेरिना, लुक्रिया, नेवेंका, लिंडसे, असं एकेक लिहीत गेली. शेवटी राहिली ती कोरी नळी. ती प्रत्येक वेळी लावावीच लागते. तिच्यात सगळं असतं, फक्त पेशी नसतात, म्हणजे एन्झाइम शून्य, आणि बाकीच्या रेघा तिच्यावरून मोजायच्या. तिच्यावर आजवर कुणी काही लिहिलं नव्हतं. नेवेंकानं तिच्यावर लिहिलं, फ्रानो. आई बाकावर बसून केक खात होती. तिला इंग्रजी वाचता येत नसलं तरी हीच अक्षरं तिच्या भाषेचीही होती. ती खायची थांबली.

"कोऱ्या नळीला नाव?" लिंडसे अजूनही दंडावरचा कापूस दाबत म्हणाला. मग त्यानं ते नाव वाचलं.

"ही पहिली लावायची," नेवेंका म्हणाली, "आणि काढून टाकायची नाही."

तिनं नळीतलं पाणी यंत्राच्या काचेत ओतलं, झाकण लावलं, पेन खाली टेकवलं. आई उठून जवळ आली, तिच्यामागे आत्या. पेन कुरकुरलं आणि चालू लागलं. रेघ उतरली नाही. कणभरही उतरली नाही. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती तशीच सरळ, ताठ गेली, आणि ती संपेपर्यंत त्या खोलीत कुणीही खाली बसलं नाही.